नाव, गाव आणि लिमिटेड

माणसाच्या बारशाला आत्या लागते आणि कंपनीच्या बारशाला कंपनी निबंधक लागतो. फरक एवढाच की, आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करते आणि निबंधक अर्जावर वाकून अर्जदाराच्या पोटात ‘कुर्रर्र’ करतो. आत्याला पातळ द्यावे लागते, निबंधकाला फी. माणूस आधी जन्मतो आणि मग बाराव्या दिवशी त्याला नाव मिळते. कंपनीचा संसार उलटा. तिने आधी नाव मंजूर करून घ्यायचे आणि मग जन्माला यायचे. नाव मिळाले नाही तर जन्मच नाही. हा नियम माणसांना लावला असता तर देशाची लोकसंख्या किती आटोक्यात राहिली असती!

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. माणसांना एकच नाव कितीही वेळा चालते. शाळेच्या एकाच वर्गात पाच संतोष असले तरी सरकारला त्याचे सोयरसुतक नसते. खाऊ वाटताना ‘संतोष’ अशी हाक आली की पाचही जण ‘हजर’ म्हणतात, आणि खिडकीची काच कुणी फोडली असे विचारले की त्यातला एकही संतोष वर्गात नसतो. कंपन्यांच्या नावांचा सगळा कायदा या एका अनुभवावर उभा आहे. खाऊच्या वेळी जो हजर होता, तोच काचेच्या वेळीही सापडावा, एवढेच कायद्याला पाहिजे असते. बाकीची कलमे, उपकलमे आणि परंतुके ही त्यावरची फोडणी.

या विषयावर लिहिण्याचा मला काय अधिकार, असे कुणी विचारील. मी बी. कॉम. आहे. शेवटच्या वर्षाला ‘कंपनी कायदा’ नावाचा पेपर असे आणि त्याचा तास दुपारी जेवणानंतर असे, त्यामुळे त्यातली बरीच कलमे मी अर्धोन्मीलित नेत्रांनी आत्मसात केली. पुढे गोंदियात बँकेच्या काउंटरवर बसलो. गोंदियाला आपण आला नसाल, पण गोंदियावरून गेला असाल. मुंबई-हावडा मार्गावर पहाटे डोळा उघडतो आणि ‘कोणतं स्टेशन?’ म्हणून आपण पुन्हा झोपतो, ते बहुधा आमचे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळे होऊन आमचा जिल्हा झाला. धानाच्या गिरण्या आणि बिडीची कारखानदारी ही आमची ओळख. अशा गावात बँकेच्या काउंटरवर बसलेल्या माणसासमोरून जितकी नावे जातात, तितकी यमाच्या चित्रगुप्तासमोरूनही जात नसतील. आणि चित्रगुप्ताला निदान करंट अकाउंट उघडावे लागत नाही.

‘कंपनी’ हा शब्द आपल्याकडे नोंदणीच्या दाखल्यासह आला नाही, तोफांसह आला. १६०० साली लंडनला जी कंपनी निघाली तिचे पाळण्यातले नाव ‘ईस्ट इंडीजशी व्यापार करणारे लंडनचे गव्हर्नर आणि व्यापारी मंडळी’ अशा थाटाचे, एका दमात न म्हणता येणारे होते. आमच्या फॉर्मवरच्या नावाच्या चौकोनांत ते मुळीच बसले नसते. लोक आपले ‘ईस्ट इंडिया कंपनी’ म्हणत, आणि १८३३ च्या कायद्याने कंपनीलाही हे सुटसुटीत नाव लावायची मुभा दिली. आपल्या पूर्वजांनी त्याहून सुटसुटीत केले आणि ‘कुंपणी’ म्हटले. शेताला कुंपण घालता घालता या कुंपणीने शेतच खाल्ले. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले, आणि पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य, म्हणजे त्यात आमचा हा मुलूखही, कुंपणीच्या खात्यावर जमा झाला. या कंपनीच्या नावाच्या शेवटी ‘लिमिटेड’ हा शब्द नव्हता, आणि तिच्या वागण्यावरूनही तसा संशय कधी कुणाला आला नाही.

हा ‘लिमिटेड’ शब्द आला कुठून, ते सांगतो. पूर्वी इंग्लंडात चार जणांनी भांडवल घालून धंदा काढला आणि तो बुडाला, तर देणेकरी भागीदाराच्या घरात शिरून पितळेच्या तांब्यापर्यंत सगळे नेऊ शकत. त्यामुळे शहाणा माणूस दुसऱ्याच्या धंद्यात पैसा घालीत नसे. १८५५ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला की, भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागाच्या रकमेपुरती. तेवढे पैसे भरले की तो सुटला, मग कंपनी बुडो की तरो. पण मग कंपनीला उधार देणाऱ्याने काय करायचे? त्याला आधी कळायला नको का? म्हणून तोड निघाली ती अशी : अशा कंपनीने आपल्या नावाचा शेवटचा शब्द ‘लिमिटेड’ ठेवायचा, तो दारावर रंगवायचा आणि कागदोपत्री लिहायचा. या युक्तीचे श्रेय ब्रॅमवेल नावाच्या एका कायदेपंडिताकडे जाते. पुढे ते न्यायाधीश झाले, लॉर्ड झाले, पण आपल्या थडग्यावर हा एकच शब्द कोरावा, असे गमतीने म्हणण्याइतका त्यांना त्याचा अभिमान होता.

म्हणजे बघा, मुळात ‘लिमिटेड’ ही पदवी नव्हती, ती धोक्याची सूचना होती. विजेच्या खांबावर कवटी आणि दोन हाडे काढतात, त्या जातीचा तो शब्द. ‘बाबा रे, आत जाशील तर आपल्या जबाबदारीवर जा, आमची जबाबदारी इथपर्यंतच.’

आपल्याकडे कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० चा. मर्यादित जबाबदारीची सवलत आली ती १८५७ च्या कायद्याने. उत्तरेत बंडाचा वणवा पेटला होता त्याच वर्षी कलकत्त्यात कुणीतरी शांतपणे भागधारकांची जबाबदारी मर्यादित करीत बसले होते, याला म्हणतात कारकुनी निष्ठा! मात्र त्या कायद्यातून बँकांना वगळले होते. बँकांना ही सवलत १८६० साली मिळाली. आम्हा बँकवाल्यांवर विश्वास बसायला सरकारला तीन वर्षे जास्त लागली. ग्राहकांना किती लागतात, ते मी रोज पाहतोच.

सवलत मिळाली आणि मुंबईत कंपन्यांचे पीक आले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली होती, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशांवर मुंबईकरांनी भारदस्त नावांच्या कंपन्या काढल्या. त्यांतली समुद्र हटवून जमीन करणारी ‘बॅक बे’ कंपनी सर्वांत प्रसिद्ध. १८६५ साली अमेरिकेतली लढाई थांबली, भाव कोसळले आणि समुद्र हटण्याऐवजी भागधारक बुडाले. या धामधुमीत सट्टेबाजांना कर्जे देऊन बसलेली बँक ऑफ बॉम्बेही गेली. ती १८६८ साली गुंडाळली आणि तिच्या जागी त्याच वर्षी जी नवी उभी राहिली तिचे नाव ‘न्यू बँक ऑफ बॉम्बे’. जुन्या नावामागे ‘न्यू’ लावून पुन्हा दुकान थाटायचे, ही कल्पना आमच्या बाजारातल्या चिवडेवाल्यांची आहे, असा माझा समज होता. ती बँकवाल्यांनी त्यांच्या कितीतरी आधी वापरलेली आहे.

आता विदर्भातल्या बारशाची गोष्ट. १ जून १८७४ रोजी ईस्ट इंडिया कंपनी कायद्याने विसर्जित झाली. त्याच १८७४ साली जमशेटजी टाटांनी एक कंपनी काढली : ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी लिमिटेड’. भांडवल पंधरा लाख रुपये, गिरणी नागपूरला. १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, त्याच दिवशी ही गिरणी सुरू झाली आणि तिला ‘एम्प्रेस मिल’ म्हणू लागले. कायद्यातले नाव कागदावर राहिले, लोकांच्या तोंडी बसले ते एम्प्रेस. गंमत म्हणजे पुढे १९१३ च्या कंपनी कायद्याने आणि मग १९३२ च्या भागीदारी कायद्याने क्राऊन, एम्परर, एम्प्रेस, इम्पीरियल, किंग, क्वीन, रॉयल असले शब्द सरकारच्या परवानगीवाचून नावात घालायला बंदी केली. कुणी लोणचेवाल्याने ‘रॉयल’ म्हटले तर राजाच बरणी भरतो आहे, असे गिऱ्हाइकाला वाटेल ही भीती! राणी गेली, साम्राज्य गेले, गिरणीही बंद पडली. पण नागपूरला त्या जागेवर उभ्या राहिलेल्या बाजाराचे नाव काय? एम्प्रेस मॉल. राज्यापेक्षा नाव जास्त टिकते, ते असे.

राजेराण्या गेल्यावर सरकारने १९५० साली बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराविरुद्ध कायदा केला. त्याच्या यादीत आता छत्रपती शिवाजी महाराज आहेत, महात्मा गांधी आहेत. परवानगीशिवाय त्यांचे नाव धंद्याला लावता येत नाही. मालक बदलले, देव्हारा तोच राहिला.

पण आमच्या गोंदियाची खरी गंमत ‘आणि कंपनी’ या दोन शब्दांत आहे. बिडीच्या धंद्यातले इथले सर्वांत मोठे नाव ‘छोटाभाई जेठाभाई पटेल अँड कंपनी’. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी हे नाव तेंदूपानांच्या वादात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, विरुद्ध मध्यप्रदेश सरकार. कारण १९५६ पर्यंत आम्ही मध्यप्रदेशात होतो. आता, नावात ‘कंपनी’ आहे म्हणून ती कायद्याने कंपनी, असे समजाल तर बी. कॉम. ला नापास व्हाल. असल्या जुन्या पेढ्या ‘अँड कंपनी’ म्हणवीत, पण असत भागीदाऱ्या. भागीदारीत जबाबदारी अमर्याद. धंदा बुडाला तर भागीदाराचे घर, शेत आणि बायकोच्या गळ्यातले सोडून बाकी सगळे देण्यात जाऊ शकते. म्हणजे ज्यांच्या नावात ‘कंपनी’ आहे ते कंपनी नाहीत आणि शेवटच्या तांब्यापर्यंत जबाबदार आहेत. आणि जे खरोखर कंपनी आहेत ते आपल्या नावातच सांगून टाकतात की, आम्ही इथपर्यंतच. तरी आपले लोक कुणाला वचकून नमस्कार करतात? लिमिटेडला!

याचा दाखला मला काउंटरवर मिळतो. धानाच्या गिरणीचे एक शेठ होते. वडिलांच्या नावाची भागीदारी मोडून त्यांनी कंपनी केली आणि खाते बदलायला आले.

“सायेब, आता आपण लिमिटेड झालो!” पेढ्यांचा डबा पुढे करीत ते म्हणाले.

मी म्हटलं, “शेठ, प्रायव्हेट लिमिटेड.”

“तेच ते. प्रायव्हेट म्हणजे त्याहून इस्पेशल!”

‘प्रायव्हेट’ हा शब्द १९५६ च्या कायद्याने सक्तीचा केला, तोही सावधगिरीसाठीच, की या कंपनीचे भाग बाजारात मिळत नाहीत, मंडळी घरचीच आहेत. पण प्रायव्हेट दवाखाना, प्रायव्हेट शिकवणी आणि प्रायव्हेट बस ही सरकारीपेक्षा महाग असते, तेव्हा प्रायव्हेट कंपनीही वरच्या दर्जाची असणार, हे शेठजींचे तर्कशास्त्र बिनतोड होते. मी पेढा घेतला.

नावातल्या मोठेपणाला कायद्यानेही एकेकाळी भाव लावून दिला होता. कंपनी खात्याच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांत एक तक्ताच असे. नावात ‘कॉर्पोरेशन’ शब्द हवा? अधिकृत भांडवल पाच कोटी दाखवा. पहिला शब्द ‘इंटरनॅशनल’, ‘युनिव्हर्सल’ किंवा ‘एशिया’ हवा? एक कोटी. पहिला शब्द ‘इंडिया’, ‘हिंदुस्थान’ किंवा ‘भारत’? पन्नास लाख. तोच ‘भारत’ नावाच्या मध्ये कुठेतरी दडवला, तर पाच लाखांत भागे. ‘इंडस्ट्रीज’ किंवा ‘उद्योग’ एक कोटी, ‘एंटरप्रायजेस’ दहा लाख. म्हणजे सगळे विश्व एका कोटीत, भारत त्याच्या निम्म्यात, आणि विश्वाहून पाचपट महाग काय, तर ‘कॉर्पोरेशन’! ज्यांनी मोठ्या शहरातल्या महापालिकेचा कारभार पाहिला आहे, त्यांना हा दर अगदीच अवाजवी वाटणार नाही. आता ही अट राहिलेली नाही. विश्व आणि भारत दोन्ही फुकट झाले आहेत.

अट गेली, पण सारखेपणाची परीक्षा राहिली, किंबहुना कडक झाली. २०१३ च्या कायद्याचे चौथे कलम सांगते की, नाव दुसऱ्या कंपनीच्या नावासारखे किंवा त्याच्या फार जवळ जाणारे नको, आणि सरकारच्या मते ‘अनिष्ट’ही नको. नुसते अनेकवचन केले, मध्ये टिंब दिले, शब्द जोडून लिहिले, तर ते वेगळे नाव धरीत नाहीत. नियमांतच उदाहरण आहे : ‘केमटेक’ हे नाव असेल तर त्याचे स्पेलिंग कसेही वेडेवाकडे करून आणले तरी ते केमटेकच. ‘बिल्डर्स अँड कॉन्ट्रॅक्टर्स’ असेल तर ‘कॉन्ट्रॅक्टर्स अँड बिल्डर्स’ चालत नाही. इतकेच काय, ‘नॅशनल इलेक्ट्रिसिटी कॉर्पोरेशन’ असेल तर ‘राष्ट्रीय विद्युत निगम’ हेही तेच नाव. भाषांतर करून सुटका नाही. ज्या बाजारात ‘असली’, ‘जुने’, ‘मूळ’ आणि ‘आमची दुसरी शाखा नाही’ अशा पाट्यांखाली चार दुकाने एकाच नावाने नांदतात, तिथल्या माणसाला हे वाचून गहिवरून येते.

बरे, एखाद्या कंपनीने दुसरीसारखे नाव मिळवलेच आणि ‘बदला’ असा आदेश निघूनही तीन महिन्यांत बदलले नाही, तर? पूर्वी नुसता दंड. सप्टेंबर २०२१ पासून सरकारच तिचे पुन्हा बारसे करते. नवे नाव काय? ‘ओ. आर. डी. एन. सी.’, पुढे साल, पुढे अनुक्रमांक, आणि त्यामागे कंपनीचा नोंदणी क्रमांक. या पाच अक्षरांचा अर्थ, ‘प्रादेशिक संचालकांचा आदेश पाळला नाही’. मास्तरांनी एखाद्या द्वाड पोराचे नाव हजेरीपटावर ‘ऐकत नाही कुळकर्णी’ असे लिहून टाकावे, तसे! ज्या कुणी ही कल्पना काढली, तो माणूस सरकारी नोकरीत वाया गेला. त्याने विनोदी लेखन करायला हवे होते.

नाव मिळाले की पाटी. नोंदणीकृत कचेरीबाहेर कंपनीचे नाव आणि पत्ता स्वच्छ अक्षरांत रंगवला पाहिजे, आणि ती लिपी त्या भागातल्या भाषेची नसेल, तर त्या भागातल्या भाषेच्या लिपीतही. नाही रंगवला तर दिवसाला हजार रुपये दंड, जास्तीत जास्त एक लाखापर्यंत. आता गोंदियातली चालू भाषा कोणती? जयस्तंभ चौकात उभे राहा. एक जण मराठीत भाव करतो, दुसरा हिंदीत नाकारतो, तिसरा पोवारीत मध्यस्थी करतो, आणि पलीकडे दोघे छत्तीसगढीत हसतात. दुसऱ्या राज्यात यावर आंदोलन झाले असते. पण कायदा लिहिणारा धोरणी. त्याने भाषा मागितलीच नाही, अक्षरे मागितली. आणि आमच्या बाजारातल्या या सगळ्या बोलींची अक्षरे एकच, देवनागरी! ‘अमुक ट्रेडिंग प्रायव्हेट लिमिटेड’ असे देवनागरीत लिहिले की मराठी खूश, हिंदी खूश, पोवारी खूश, आणि कायदाही खूश. त्यातले एक अक्षरही कुणाच्या मातृभाषेतले नसते, ही गोष्ट वेगळी. आणि कंपनीने दोन वर्षांत नाव बदलले असेल, तर नव्या नावाबरोबर जुनेही लिहावे लागते. लग्नपत्रिकेत ‘पूर्वाश्रमीची’ लिहितात, तसे.

नावातल्या एका खुणेची किंमत काय असते, ते विलायतेतल्या दोन खटल्यांवरून कळते. १८५८ साली एका कंपनीच्या सेक्रेटरीने कंपनीच्या वतीने हुंडी स्वीकारली. तीत कंपनीच्या नावापुढे ‘लिमिटेड’ राहून गेले. कंपनीने पैसे दिले नाहीत, तेव्हा कोर्ट म्हणाले, धोक्याची सूचना तू लिहिली नाहीस, आता तूच भर. आणि १९७३ साली ‘एल अँड आर एजन्सीज लिमिटेड’ या कंपनीच्या चेकवर मधले ‘अँड’चे वेटोळे तेवढे नव्हते. सही करणारे संचालक खिशातून भरायला जबाबदार ठरले. आपल्या १९५६ च्या कायद्यातही सही करणाऱ्याला असेच धरले होते. तेव्हा चेकवरचे नाव चष्मा पुसून दोनदा वाचणाऱ्या कारकुनाला वाचकांनी यापुढे ‘किती वेळ लावता हो’ म्हणू नये. तो त्या वेटोळ्याकडे बघत असतो.

आमचा स्वतःचा ‘बँक’ हा शब्द तर सोवळ्यातला. १९४९ च्या बँकिंग कायद्याच्या सातव्या कलमाने सांगितले की, बँकेखेरीज कुठल्याही कंपनीने नावात ‘बँक’, ‘बँकर’, ‘बँकिंग’ वापरायचे नाही. आणि जी बँकिंग करते तिने यांपैकी एक तरी शब्द लावलाच पाहिजे. म्हणजे साधूने भगवे घातलेच पाहिजे आणि संसाऱ्याने घालता कामा नये. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा त्यांच्या नावाच्या शेपटीचे ‘लिमिटेड’ गळून पडले. ‘बँक ऑफ महाराष्ट्र लिमिटेड’ची नुसती ‘बँक ऑफ महाराष्ट्र’ झाली. त्या चौदातल्या ‘युनायटेड कमर्शियल बँके’ला तर १९८५ साली संसदेच्या कायद्याने नाव बदलून ‘युको बँक’ व्हावे लागले, कारण बांगलादेशात त्याच नावाची बँक निघाली होती. संतोष सीमेपलीकडचा असला तरी घोटाळा व्हायचा तो होतोच.

इथपर्यंत सगळी गंमत. आता एक पासबुक दाखवतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी काउंटरवर एक मावशी आल्या. बिड्या वळणाऱ्या. सट्टेदाराकडून पाने आणि तंबाखू आणायची, घरी बसून वळायच्या आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घ्यायची, असा त्यांचा अर्ध्या आयुष्याचा उद्योग. त्यांनी पिशवीतून एक पासबुक काढले. वर लक्ष्मीचे चित्र, खाली सोनेरी अक्षरांत लांबलचक नाव, त्यात ‘इंडिया’ होते, ‘विकास’ होता आणि शेवटी ‘लिमिटेड’. सव्वीस हजार रुपये जमा.

“बाबू, हे पैसे तुमच्याकडं भेटतीन का गा?”

“मावशी, ही आमची बँक नाही. ही बँकच नाही.”

“मंग? त्या पोरानं तं सांगतलं होतं, लिमिटेड आहे, पक्की आहे म्हणून!”

कचेरीला कुलूप होते. पैसे गोळा करणारे पोरगे पुण्याला गेले होते, आणि त्याच्याही आईचे पैसे त्यात होते. मी अर्ज लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. अर्ज कुणाविरुद्ध? पासबुकावर ‘इंडिया... लिमिटेड’, पावत्यांवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’, आणि पावतीवरच्या शिक्क्यात त्याच नावापुढे ‘अँड कंपनी’. पैसे घेताना तिघेही हजर होते. परत देताना वर्गात कुणीच नव्हते. शेवटी मी तिन्ही नावे लिहिली, प्रत्येकापुढे कोणत्या कागदावर ते छापले आहे ते लिहिले, झेरॉक्स जोडल्या आणि मावशींचा अंगठा घेतला. अर्ज कलेक्टर कचेरीत गेला, त्यावर क्रमांक पडला. क्रमांक पडणे हीसुद्धा आपल्याकडे एक प्रगतीच समजतात.

त्या दिवशी मला बी. कॉम. चा तो दुपारचा पेपर पहिल्यांदा नीट समजला. ब्रॅमवेलसाहेबांनी जी कवटी आणि हाडे काढली होती, ती आमच्याकडे येईपर्यंत लक्ष्मीच्या पायाखालचे कमळ झाली होती. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाटीचे समाधान झाले, पण मावशींना ते कुणी वाचून दाखवले नाही. निदान सहकारी संस्थांनी आपल्या भाषेत ‘मर्यादित’ तरी लिहिले. पण त्याही जागा वाचवायला ‘मर्या.’ लिहितात. आमच्याकडे एका आजोबांनी मला विचारलेच होते, “सायेब, त्या पतसंस्थेच्या मागं ‘मऱ्या’ काऊन लिवलं आहे जी? मेली का?” ती पतसंस्था तेव्हा ठणठणीत होती. पण आजोबांनी नाव ज्या संशयाने वाचले, तोच वाचण्याचा बरोबर मार्ग होता. लिमिटेड असणे म्हणजे लबाड असणे नव्हे. उत्तम चाललेल्या बँकाही लिमिटेड आहेत. मात्र तो शब्द विश्वासाचा नाही, चौकशीचा आहे. तो दिसला की दोन प्रश्न विचारायचे : नोंदणी कुठे, आणि लोकांच्या ठेवी घ्यायची परवानगी कुणाची?

तेव्हापासून मी काउंटरवर येणाऱ्यांना नाव शेवटून वाचायला सांगतो. पुढून वाचले की ‘इंडिया’ आणि ‘विकास’ भेटतात. शेवटून वाचले की खरी गोष्ट आधी कळते.

मावशींच्या अर्जाचे घोंगडे अजून भिजत आहे. पण मागच्या महिन्यात त्या मजुरीचे दोन हजार घेऊन आल्या. खाते उघडायचे होते. आमचे पासबुक त्यांनी हातात घेतले, नातीला पुढे केले आणि म्हणाल्या, “वाच गे, मागून.” नातीने वाचले. बँकेचे नाव संपले तिथे संपले. पुढे लिमिटेड नाही, प्रायव्हेट नाही, मर्या. नाही.

“मागं काहीच नाही का गा?”

“काहीच नाही, मावशी. १९६९ सालीच गळालं. आणि पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे.”

मावशींनी विम्याकडे विशेष लक्ष दिले नाही. नातीच्या हातातले पासबुक एकदा उलटे धरून पाहिले, आतून काही पडते का म्हणून किंचित झटकले, आणि मग कमरेची पिशवी सोडली.